भिडेखातर दिलेला होकार

४ जून

ताई,

जाताना तू बजावलं होतंस, फोन करू नकोस. फोनवर आपण दोघी 'मजेत' म्हणून मोकळ्या होतो. पत्र लिही. म्हणून लिहिते आहे. उत्तराची वाट बघत नाही असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, ती थाप होती.

आज माझ्या संशोधनाचे कागद नैतिकता समितीकडे गेले. ही समिती म्हणजे काय, हे घरी समजावताना माझ्या नाकी नऊ आले. आईला म्हटलं, माणसांवर प्रयोग करायचा असेल तर आधी ही मंडळी बघतात, की त्यात कुणाला त्रास होत नाही ना, कुणाचा अपमान होत नाही ना. आई म्हणाली, "तू काय त्रास देणार कुणाला? तुला झुरळ मारवत नाही." बाबा डेपोतून नुकतेच आले होते. हाताचं ग्रीस काढता काढता म्हणाले, म्हणजे कोर्टच की, मग वकील का नाही दिलास. घरातली पहिली शिकलेली असण्याचं हे असं आहे. परीक्षा असो की समिती, दोघांनाही ती मी कुठेतरी पकडली गेल्यासारखी वाटते. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटतं.

विषय तुला आवडेल, किंवा राग तरी येईल. विषय आहे भीड. नको असलेलं काम माणूस समोरच्याच्या भिडेखातर किती वेळ करत राहतो, हे मला मोजायचं आहे. आपल्या घरात हा माल किती आहे, तुला सांगायला नको. साहेबाची भीड मोडवत नाही म्हणून बाबांनी कितीतरी सुट्ट्या डेपोत घालवल्या. शेजारणीच्या भिडेखातर आईनं तिच्या तिन्ही मुलांचे स्वेटर विणले आणि मग महिनाभर मान धरून बसली. तूच एक वेगळी निघालीस. बाबांनी ठरवलेल्या स्थळाला तोंडावर नाही म्हणालीस आणि बंदरावरच्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवायला निघून गेलीस. बाबा त्याला अजून उद्धटपणा म्हणतात. मी काय म्हणते ते विचारू नकोस.

प्रयोग साधा आहे. मी समोर बटणांचा ढीग ठेवते, एकमेकांच्या अगदी जवळच्या रंगांची बटणं. ती निवडून वाटीत भरायची. वाटी भरली की मी नम्रपणे म्हणते, "अजून एक वाटी कराल का? झाली तर बरं होईल." माणूस नाही म्हणेपर्यंत हे चालतं. त्याला सुरुवातीला सांगायचं, की आम्ही रंगांची पारख तपासतो आहोत. खरा हेतू शेवटी सांगायचा. सहमतीपत्रात स्पष्ट लिहिलं आहे, तुम्ही कधीही थांबू शकता. हे वाक्य मी ठळक केलं, मग वाटलं फार ठळक झालं, मग पुन्हा साधं केलं, मग पुन्हा ठळक केलं.

माणसांची सोय माझ्या मार्गदर्शक सरांनी केली. शहराबाहेर कपडे शिवायचा कारखाना आहे, तिथला सुपरवायझर सरांच्या ओळखीचा. सरांनी एक फोन केला आणि त्यानं शब्द दिला, की शिफ्टमधल्या सगळ्या बायका पाळीपाळीनं पाठवतो, एकही चुकणार नाही. सरांचं असंच असतं. माझी भाषा ऐकून बाकीच्यांनी मला नाकारलं होतं, तेव्हा यांनी घेतलं. माईकसमोर उभं राहायला त्यांनी शिकवलं. दोन वेळा मी मध्येच अडले, तर तिसऱ्या वेळी स्वतः शेजारी खुर्ची टाकून बसले. त्यांना मी काय देणार? वेळेत काम पूर्ण करून देणार, एवढंच. मार्चमध्ये माझी मुदत संपते.

समितीच्या अध्यक्ष एक म्हाताऱ्या डॉक्टरीणबाई आहेत, मनोरुग्णालयातून निवृत्त झालेल्या. मुलं त्यांना थांबाबाई म्हणतात. पान उलटलं की म्हणतात, "थांबा." त्यांचा एक नेम आहे. ज्या खुर्चीत सहभागी माणूस बसणार, त्या खुर्चीत त्या आधी स्वतः बसतात. त्याशिवाय सही नाही. एका मुलानं विजेचे हलके झटके देण्याचा प्रयोग लिहिला होता. त्याचं काय झालं ते कुणी सांगत नाही, पण तो आता विमा कंपनीत आहे.

माझी तर बटणं आहेत. त्यात काय होणार?

तुझी,
धाकटी


२० जून

ताई,

काल झालं ते काल लिहिता आलं नाही. हात लिहीत होता, पण रागाचं लिहीत होता. आणि आज राग राहिलेला नाही.

बैठकीची खोली लहान आहे. लांब टेबल, खिडकीला अर्धे पडदे, एक खुर्ची लंगडी. समितीची माणसं भिंतीकडेनं बसली. बाईंनी कानातलं यंत्र नीट केलं आणि मला म्हणाल्या, मी आता डॉक्टर नाही, अध्यक्ष नाही. मला सहभागी समजा. त्या सगळ्यांना तुम्ही म्हणतात. मला, चहा आणणाऱ्याला, दारात डोकावणाऱ्या विद्यार्थ्यालाही. सहमतीपत्र त्यांनी बोट फिरवत वाचलं, सही केली आणि बटणं निवडायला घेतली.

पहिली वाटी भरली. मी माझं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं." दुसरी भरली. "बरं." मला आत थोडा आनंदच झाला, की चाललंय नीट. पुढे पुढे समितीतले संख्याशास्त्राचे प्राध्यापक उठून बाहेर जाऊन आले. चहावर साय धरली. बाईंनी चष्मा काढला, डोळे पुसले, पुन्हा लावला. त्यांच्या बोटांची पेरं सुजलेली आहेत हे मला तेव्हा दिसलं. बटण दोनदा निसटलं, टेबलाखाली गेलं, त्यांनी वाकून उचललं. मी काय केलं सांगू? माझ्या कागदाकडे बघितलं. कागदात पुढचं वाक्य होतं, "अजून एक वाटी कराल का?" ते मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "बरं."

आता म्हणतील, आता नाही म्हणतील, असं मी मनात धरून बसले होते. त्या म्हणत नव्हत्या. भिंतीकडेचं कुणी बोलत नव्हतं. मग मला दिसलं, की त्यांनी उजवं मनगट डाव्या हातानं धरलंय आणि तशाच निवडताहेत. वाटी भरली. माझ्या तोंडातून "अजून एक" एवढं निघालं आणि पुढचं निघेना. मी वाटी ओढून घेतली.

"पुरे," मी म्हटलं.

"कोण म्हणतंय?"

"मी."

"तुमच्या कागदात कुठे आहे ते दाखवा."

मी पानं उलटली. सगळी उलटली. सहभागी कधीही थांबू शकतो, हे तीन ठिकाणी होतं. मी कधी थांबवायचं, हे कुठेच नव्हतं. ताई, बारीकसारीक सगळं लिहिलं होतं मी त्यात. बटणाची कड बोटाला लागली तर पट्टी कुठे ठेवली आहे, तेसुद्धा. आणि स्वतःला मात्र आख्ख्या कागदात एकदाही माणूस म्हणून धरलं नव्हतं.

बाई मनगट चोळत म्हणाल्या, "म्हणजे थांबायचं काम तुम्ही त्याच माणसावर सोपवलंत, ज्याला ते जमत नाही म्हणून त्याला शोधलंत."

मला वाटलं जमीन दुभंगावी. पण त्या चेहऱ्यावर जिंकल्याचं काही नव्हतं. त्यांनी ताजा चहा मागवला, आधी माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, ही बटणं कुठून आणलीत, ते दोन निळे मला शेवटपर्यंत वेगळे ओळखता आले नाहीत. मी दुकान सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. नातीच्या झग्याला हवी होती म्हणे.

मग समितीनं कागद परत केले, दोन प्रश्न विचारून. पहिला, संशोधकानं कधी थांबवायचं. दुसरा बाईंनी उठता उठता तोंडी विचारला आणि तो ऐकून मी इतकी गार पडले, की अजून सरांना सांगितलेला नाही: "कारखान्यातल्या बायकांना सुपरवायझर पाठवणार. यायचं नसेल तर त्या कुणाला सांगणार?"

तू सांगितलं असतंस. तू एकटीनं. पण तू अशा जागी राहिलीच नाहीस, निघून गेलीस. म्हणजे तुझ्यासारखी बाई माझ्या आकड्यांत कधी दिसणारच नाही. हे काल माझ्या लक्षात आलं.

धाकटी


२ जुलै

ताई,

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं. सरांनी पेन्सिल घेऊन उभ्या उभ्या ओळ लिहून दिली: सहा वाट्यांनंतर, किंवा त्रास दिसताच त्याआधी, संशोधक स्वतः थांबवेल. दुसरा प्रश्न मी घाबरत सांगितला. सर हसले. म्हणाले, अगं त्या बायका खुशीत येतील, दिवसभर मशिनीवर वाकण्यापेक्षा पंख्याखाली बसून बटणं निवडायची. "सहमतीपत्रावर सही घेतेस ना? मग 'स्वेच्छेनं' हा शब्द घाल आणि पाठवून दे."

मी मान डोलावली. तुला दिसतेय ना कशी डोलावली ते?

मग मी गुपचूप बाईंच्या घरी गेले. पत्ता मागताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं. त्या टेबलावर कानाच्या यंत्राचं झाकण उघडून बॅटरी बदलत होत्या, त्यामुळे पहिलं सगळं मला ओरडून सांगावं लागलं, आणि शेजारच्या बाल्कनीतल्या आजोबांनी मान डोलवत ऐकलं. मी विचारलं, त्या बायकांना घेऊ की नको, तुम्हीच सांगा.

त्या म्हणाल्या, सांगणार नाही. "मी सांगितलं तर तुम्ही ते माझ्या भिडेखातर कराल. एकाच्या भिडेतून काढून दुसऱ्याच्या भिडेत घालायचं, हे काम माझं नाही."

मला रडू येण्यासारखं झालं. ते त्यांना दिसलं असावं, कारण त्यांनी विषय बदलल्यासारखं केलं. रुग्णालयात त्या नवीन होत्या तेव्हाचं सांगितलं. वॉर्डाच्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला असायचा. त्या रुग्णांना विचारायच्या, झोप लागली का, जेवण बरं आहे का, नवीन औषध चालेल का. सगळे हो म्हणायचे. किती गुणी रुग्ण आहेत माझे, असं त्यांना वाटायचं. एकदा किल्ल्या घरी विसरल्या. त्या दिवशी एका म्हातारीनं त्यांना सांगितलं, की तुमच्या औषधानं माझी जीभ जड होते, मी ते गादीखाली लपवते. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत त्या किल्ल्या बाहेर ठेवून मग आत जात.

"किल्ल्या कमरेला लावून विचारलेला प्रश्न हा प्रश्न नसतो," एवढं म्हणाल्या आणि यंत्राचं झाकण लावलं.

परत येताना मी एक बस सोडली, चालत आले. इतकी वर्षं मी शहाणं माणूस म्हणजे उत्तर देणारं माणूस समजत होते.

सुपरवायझरनं पुढच्या आठवड्याचा दिवस ठरवला आहे. सरांनी माझ्यासमोरच त्याला हो म्हटलं.

धाकटी


११ जुलै

ताई,

मी सरांना नाही म्हणाले.

एवढं लिहून कागद बाजूला ठेवला होता, आता पुढे लिहिते. दुपारी त्यांच्या खोलीत गेले. ते डबा खात होते. खाणाऱ्या माणसाला अशी बातमी देऊ नये, म्हणून मी परत फिरले, तर त्यांनीच हाक मारली. घरून आरशासमोर बोलून गेले होते, त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, सर, कारखान्यातल्या बायका मी घेणार नाही.

सर म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"हो सर."

"मग?"

"त्यांना पाठवणारा माणूस मध्ये आहे तोवर त्यांचा होकार मला वाचता येणार नाही. मी भीड मोजायला निघालेय, आणि सगळी भीड तर दारातच वापरून झालेली असेल."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "हे तू बोलतेस की त्या बाई?"

"मी."

त्यांनी पोळीचा एक तुकडा मोडला आणि तसाच डब्यात ठेवला. मग म्हणाले, मुदतीत झालं नाही तर माझ्याकडे रडत यायचं नाही, आणि पुन्हा जेवायला लागले. मी बाहेर आले. आभाळ कोसळेल असं वाटलं होतं. व्हरांड्यात कुणीतरी सायकलला कुलूप लावत होतं. मला इतकी भूक लागली होती, की मी उभ्या उभ्या दोन पाव खाल्ले, आणि मग माझे गुडघे लटलट कापायला लागले.

एक विचारू? बाबांसमोर उभी होतीस तेव्हा तुझे पाय कापत होते का? मी दाराआडून तुझी फक्त पाठ बघत होते. पाठ अगदी ताठ होती. मला आजवर वाटत आलं, की तू जन्मतःच तशी. तुला नाही म्हणायला काही वाटत नाही. ते मला सोयीचंही होतं. तू वेगळ्या मातीची आहेस म्हटलं, की मला काही करावं लागत नव्हतं.

घरी बाबांना सांगितलं, सरांना नाही म्हणाले. ते बराच वेळ बूट काढत बसले. मग म्हणाले, सर ओरडले का? म्हटलं, नाही. म्हणाले, बरं मग. बाबांच्या मानानं हे भाषण झालं.

धाकटी


१३ सप्टेंबर

ताई,

समितीनं परवानगी दिली. आता आमची जाहिरात वाचनालयात आणि बसथांब्यांवर लागते. ज्याला यायचं त्यानं यावं, कुणी कुणाला पाठवायचं नाही. सुरुवातीलाच सांगतो, की या कामातली एक गोष्ट आम्ही आत्ता सांगत नाही आहोत, शेवटी सांगू. हे चालणार नसेल तर आत्ताच निघालात तरी काही बिघडत नाही. दार उघडं ठेवतो. सर महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस माझा आराखडा टेबलावर परत आला, पान अन् पान पेन्सिलीनं दुरुस्त केलेलं, स्वल्पविरामांसकट. शेवटी लिहिलं होतं, 'यानं वेळ लागेल. लागू दे.' मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले. माणसं रागावूनही आपली राहतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

पहिलीच बाई आली ती त्याच कारखान्यातली. सुट्टीच्या दिवशी, बसथांब्यावर वाचून, आपणहून. दीड वाटी भरली असेल, तिनं हात थांबवले.

"मॅडम, मला कंटाळा आला. जायचंय मला."

मी म्हटलं, हो. ती उठली, पिशवी घेतली, आणि उभीच राहिली. रागावला नाहीत ना, विचारलं. नाही म्हटलं. दारापर्यंत गेली, परत वळली. तुमचं काम अर्धं राहिलं, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. खरा हेतू काय होता तेही सांगितलं. ती हसली, म्हणाली, असं होय. आणि तरी उभी.

"मग जाऊ?"

माझ्या ओठांवर 'जा' आलं होतं. तेवढ्यात उमजलं, की मी 'जा' म्हटलं तर ती माझ्या परवानगीनं जाईल. मी काहीच बोलले नाही. उठून खिडकीशी गेले आणि तिच्याकडे पाठ करून उभी राहिले. खाली एक माणूस सतरंजी झटकत होता. त्यानं ती झटकून तिची घडी घातली. मग चपला वाजल्या, दारातून, जिन्यावरून, खाली. थांबल्या नाहीत.

बाईंना सांगितलं तर त्यांनी यंत्रावर बोट ठेवून पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाल्या, "छान. आता बाकीच्यांच्या होकाराला काही अर्थ येईल." त्यांच्या तोंडून छान ऐकलेलं समितीत कुणाला आठवत नाही. संख्याशास्त्राचे प्राध्यापक म्हणाले, तारीख लिहून ठेवा.

आता खरं लिहायचं ते. हे सगळं मी जेवताना आईला सांगितलं. ती ताटं उचलून आत गेली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालत होतो, तेव्हा म्हणाली, "मीसुद्धा तेच केलं होतं."

मला कळेना. तिला तुझं ते एकमेव पत्र माहीत आहे ताई, मी वाचून दाखवलं होतं. त्यात तू लिहिलं होतंस, की बाबा बोलले त्याचं काही नाही, पण निघताना आई घरातसुद्धा नव्हती, हे मी विसरणार नाही. ते ऐकून ती तेव्हा गप्प बसली होती. मला वाटलं होतं, तिलाही राग आहे.

ती म्हणाली, मी समोर असते तर तुझी ताई माझ्याकडे बघत राहिली असती. जाऊ का म्हणून विचारलं असतं, आणि मला नको म्हणावं लागलं असतं, तुझ्या बाबांच्या भिडेखातर. मग तिचा पाय निघाला नसता. म्हणून कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले.

मी विचारलं, हे ताईला लिहू? म्हणाली, नको. मी लिहिलं नाही. आधीचं सगळं लिहून हे पत्र दोन दिवस तसंच ठेवलं. खोटं वाटत होतं तरी ठेवलं, कारण ती नको म्हणाली होती. आज सकाळी ती आपणहून म्हणाली, लिही. मी विचारलं, माझ्या भिडेखातर तर हो म्हणत नाहीस ना? तिनं हातातला ओला टॉवेल माझ्या पाठीत घातला.

"लिही म्हटलं ना. आणि हेही लिही, की कपडे आदल्या दिवशीच वाळले होते. गच्चीवरून रस्ता पार वळणापर्यंत दिसतो."